मौनाचं उद्यापन

बोरदऱ्याच्या खंडोबाचा चांदीचा मुखवटा इतका झळझळीत आजवर कधी दिसला नव्हता, आणि द्वारकाबाईला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

रोज पहाटे ती देवळात जायची ती मान खाली घालूनच. सडा, रांगोळी, समई, देवाला पाणी, हा लग्न होऊन आल्यापासूनचा तिचा नेम. रविवारी उपास, आणि त्या दिवशी उठल्यापासून देवाला पाणी घालेपर्यंत मौन. एरवीही तिचं बोलणं इतकं हलकं, की सून अश्विनी हसून म्हणायची, आमच्या आत्यांनी शेळीला हाक मारली तर शेळीच जवळ येऊन विचारते, काय म्हणालात म्हणून. अशी बाई. पण गेल्या मार्गशीर्षापासून तिच्या पोटात जो जाळ पेटला होता तो कुठल्याच उपासानं शमत नव्हता. देवाच्या पायांवर पाणी घालताना तिच्या मनात यायचं, एवढा उजळलास देवा, कुणाच्या जिवावर.

झालं होतं ते असं.

चंपाषष्ठीची यात्रा तोंडावर आली होती. ज्ञानेश्वर गुरव बायकोला घेऊन शेवगावकडं लेकीच्या बाळंतपणाला गेला होता आणि जाताना गाभाऱ्याची किल्ली द्वारकाबाईकडे ठेवून गेला होता. रविवारी पहाटे तिनं दार उघडलं तर देवाच्या अंगावर मुखवटा नाही. ती मौनात होती. तिनं नवऱ्याला, सहादूला, खुणेनंच आत बोलावलं. सहादूनं मात्र अशी बोंब ठोकली की अर्धं गाव दात घासता घासता देवळापुढं जमलं.

गावाची सरपंच रेश्मा, पण ते पाटीवर. कारभार सगळा तिच्या नवऱ्याचा, बिभीषणचा. बिभीषण म्हणजे सहादूचा चुलतभाऊ. त्यानं गुरवाला फोन लावून बघितला, लागला नाही. मग त्यानं तालुक्याच्या ठाण्याला फोन लावला आणि तो लगेच लागला. यात्रेला मोठे पाहुणे यायचे होते, फौजदारालाही घाई होती. आदल्या दिवशी देवळाच्या कळसाला रंग कुणी दिला, एवढंच त्यानं विचारलं. रंग दिला होता भिल्लवस्तीवरच्या गोरक्षनं. सव्वीस-सत्तावीस वर्षांचं पोर, ट्रॅक्टर चालवायचं, रंगाचं काम करायचं, बोलता बोलता शीळ घालायची सवय. भिल्लाचं नाव निघालं आणि सगळ्यांचा तपास तिथंच संपला.

त्याला वस्तीवरून ओढत आणला आणि दीपमाळेला बांधला. देवळापुढं, सगळ्यांच्या देखत. ठाण्यात नेलं तर नोंद करावी लागते, कोर्टाला सांगावं लागतं, हे त्या फौजदाराला पुरतं ठाऊक होतं. म्हणून देवाचं अंगण. पहिल्या काठीला गोरक्ष हसल्यासारखा झाला, कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटल्यासारखा. मग त्याला कळलं. तो पाणी मागायला लागला तेव्हा द्वारकाबाई देवाचा तांब्या घेऊन पुढं झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा रविवारचा नेम मोडला. सोडा त्याला, मरंल तो, असं ती म्हणाली. एका पोलिसानं काठीच्या टोकानं तांब्या उडवला. सहादूनं तिला दंडाला धरून घरी नेलं आणि बाहेरून कडी घातली. खिडकीतून दीपमाळ दिसत होती. तिनं खिडकी लावून घेतली नाही.

दुपारी गावात बातमी फिरली, गोरक्ष पोलिसांच्या हातातून निसटून पळाला आणि ओढ्याकाठच्या पडक्या विहिरीत उडी टाकून मेला. ज्याला उभं राहता येत नव्हतं, तो पळाला.

दुसऱ्या दिवशी बिभीषणनं सभामंडपात माणसं जमवली. त्यात काही असे होते की ज्यांनी पोलिसांबरोबर आपलाही हात धुऊन घेतला होता. बाहेरचे लोक येतील, पेपरवाले येतील, गावाची अब्रू जाईल, यात्रा बंद पडेल, असं बरंच बोलून झालं आणि मग ताटात बेलाची पानं आणि भंडारा आला. घरटी एकानं उचलायचा आणि म्हणायचं, त्या दिवशी देवळात काय झालं ते माझ्या तोंडून कधी निघणार नाही. सहादूनं घराच्या वतीनं उचलला. पण बिभीषणला द्वारकाबाईचा तो तांब्या आठवत होता. तो ताट घेऊन तिच्या ओट्यावर आला.

“वहिनी, तुमी बी उचला,” तो म्हणाला. “चोर तो चोर. त्याच्यापायी आपली पोरं आत जायला नकोत. खंडेरायाची आन हाय तुमाला.”

तिनं उचलला. मुखवटा गेला हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पोर मेलं हे वाईटच, पण देवाची चोरी झाली हे तिला तेव्हा खरं वाटत होतं. आणि देवाच्या नावानं समोर आलेलं ताट परत लावायचं, हे तिच्या हातांना येतच नव्हतं.

चार-सहा दिवसांनी ज्ञानेश्वर गुरव एसटीतून उतरला. काखेत लाल फडक्यात बांधलेला मुखवटा. यात्रेआधी उजळून घ्यावा म्हणून त्यानं तो शनिवारी संध्याकाळीच काढला होता आणि नगरला सोनाराकडे टाकून पुढं लेकीकडे गेला होता. बिभीषणला सांगूनच गेला होता. बिभीषण तेव्हा मोबाईलवर ट्रकचा भाव ठरवत होता, त्यानं नुसतं हुं म्हटलं होतं. किल्ली जिच्याकडे ठेवली तिला का नाही सांगितलं, असं द्वारकाबाईनं विचारलं तेव्हा गुरवानं खाली बघत सांगितलं, बाईमाणसाला काय सांगायचं, म्हणून.

त्यालाही संध्याकाळपर्यंत भंडारा उचलायला लावला.

मुखवटा देवाच्या अंगावर चढला. यात्रा झाली. मोठे पाहुणे आले, नारळ फुटले, भंडारा उधळला गेला तो दीपमाळेपर्यंत. गोरक्षची आई बनुबाई वस्तीवरून येऊन देवळाच्या कडेला उभी होती. तिला कुणी हाकललंही नाही आणि कुणी पाणीही विचारलं नाही.

मग आसाराम गावात यायला लागला. एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त. शेजारच्या गावच्या बौद्धवाड्यातला. ज्यांचं माणूस पोलिसांकडं जाऊन परत येत नाही, अशा घरांचे अर्ज लिहायचे, त्यांच्याबरोबर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायच्या, हेच त्यानं म्हातारपणी काम धरलं होतं. बनुबाईला घेऊन तो नगरला गेला, मानवी हक्क आयोगाकडे अर्ज केला, वरच्या कोर्टात गेला. वरच्या कोर्टानं न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लावली. द्वारकाबाईच्या ओट्यावर तो तीनदा येऊन बसला होता. दर वेळी पाणी प्यायचा आणि एकच सांगून उठायचा, मावशी, जे पाहिलं तेवढंच सांगा, न पाहिलेलं एक अक्षर बी नको. ती दर वेळी गप्प राहायची. तो रागावायचा नाही. त्याचंच तिला जास्त लागायचं.

आषाढात त्याला उचललं. बिभीषणकडे आणि फौजदाराकडे खंडणी मागितली, गावकऱ्यांना खोट्या साक्षीसाठी धमकावलं, असा गुन्हा. साक्षीदार म्हणून गावातल्या सहा जणांच्या सह्या, त्यात एक सहादूची. ज्या तोंडांनी त्या दिवसाबद्दल न बोलण्याची आण घेतली होती, त्या तोंडांना आसारामबद्दल खोटं बोलायला कसलीच आण आडवी आली नाही. हे कळलं त्या दिवशी द्वारकाबाईनं सहादूला जेवायला वाढलं, पण त्याच्यासमोर बसली नाही.

श्रावण सरत आला. आसारामची बायको दीपा ओट्यावर आली. अंगणवाडीत शिकवणारी, काटकुळी, पण ताठ. तिनं सांगितलं, येत्या सोमवारी चौकशीची शेवटची तारीख आहे. ज्याला काही ठाऊक असेल त्यानं तालुक्याच्या कोर्टात येऊन सांगावं, अशी नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागली होती, ती कुणीतरी फाडली. बोरदऱ्याचा एकही माणूस आजवर आलेला नाही. सोमवारी कुणी आलं नाही तर पोर विहिरीत बुडून मेलं असं कागदावर पक्कं होईल. आणि मग आसारामनं सगळं बनाव करून उठवलं, हेही पक्कं होईल. जामिनाच्या वेळी सरकारी वकील हेच म्हणणार.

द्वारकाबाईनं आपली अडचण सांगितली. भंडारा उचललाय. मोडला तर सात पिढ्यांना लागतो.

दीपा उठली आणि पायात चपला घालता घालता म्हणाली, “तुमच्या देवाचं मला ठाऊक न्हाई, मावशी, अन मी त्याला नावं ठेवनार न्हाई. पन येवढं बघा. माझा नवरा कायद्याची आन घेऊन बोलला, तो आत हाय. तुमी देवाची आन घेऊन गप बसला, तुमी भायेर.”

ती गेली. द्वारकाबाई ज्वारी निवडायला बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपण खडे सुपात आणि दाणे बाहेर टाकतोय.

तिला दीपाचा राग आला नाही. राग आला तो ताटाचा. देवाचा भंडारा अंगाला लावायचा, लेकराच्या कपाळाला लावायचा, बैलाच्या शिंगाला लावायचा. तो ह्यांनी माणसाच्या तोंडाला कुलूप लावायला वापरला. आणि देव उजळून बसला आत. जन्मभर तिनं त्याचे नेम पाळले, एक चुकवला नाही, आणि ह्या लोकांनी तिच्याच नेमाचा दोर करून तिच्याच गळ्यात घातला. भाबडी बाई आहे, आण मोडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिच्या भक्तीवर त्यांचा भरवसा होता. हा विचार मनात आला आणि तिनं सूप बाजूला सारलं. फसवणूक तिचीही झाली होती आणि देवाचीही, पण जीव गेला होता तो बनुबाईच्या पोराचा.

आण मोडायची नाही, हे तर खरं. पण घेतलेलं कुठलंही व्रत जन्मभर डोक्यावर वाहायचं नसतं. सोळा सोमवार झाले की उद्यापन. संकष्ट्या झाल्या की उद्यापन. सवाष्णी बोलवायच्या, कहाणी सांगायची, वाण द्यायचं आणि देवाला सांगायचं, बाबा, माझ्याकडून पुरं झालं, आता मोकळं कर. मग हे गप्प बसणं काय वेगळं होतं? व्रतच होतं ते. कुणी का लावलेलं असेना, तिनं पाळलं होतं, पुरे नऊ महिने. तेवढ्यात बाईचं बाळंतपण होतं.

शुक्रवारी ती घरोघर कुंकवाचा करंडा घेऊन फिरली. रविवारी दुपारी उद्यापन आहे, या. कसलं, असं विचारलं की म्हणायची, तिथंच कळंल. बायकांना त्यात वावगं काही वाटलं नाही. द्वारकाआक्काचे नेम एवढे की एखादं उद्यापन राहून गेलं असेल. गुरवीण म्हणाली, पुरणाला मी येते. रेश्मा म्हणाली, सरपंचाला बोलावलंय का जावेला, ते सांगा, म्हणजे साडी तशी नेसते. आणि दोघी हसल्या.

शेवटी ती भिल्लवस्तीवर गेली.

बनुबाई झोपडीच्या पुढं काटक्या मोडत होती. द्वारकाबाईनं कुंकू पुढं केलं नाही, नुसती खाली बसली आणि कशासाठी आली ते सांगितलं. बनुबाईनं काटकी मोडायचं थांबवलं नाही.

“मला कशाला?” ती म्हणाली. “मी का सवाशीन हाय?”

“तुमच्याबगर ते व्हनारच न्हाई,” द्वारकाबाई म्हणाली.

रविवारी माजघर बायकांनी भरलं. मधल्या पाटावर बनुबाई. कुजबुज झाली. एका म्हातारीनं सरळ विचारलंच, विधवेला पाटावर बसवतात होय गं कुठं, आणि तीही भिल्लीण. द्वारकाबाईनं ऐकलं न ऐकलं केलं. परात ओढली आणि बनुबाईचे पाय धुवायला तांब्या उचलला.

बनुबाईनं पाय मागे घेतले. “पाय नको धू,” ती म्हणाली. “बोलनार हायेस तर बोल.”

द्वारकाबाईनं तांब्या खाली ठेवला. प्रत्येकीच्या हातावर चिमूट चिमूट अक्षता घातल्या. हे सगळ्यांच्या ओळखीचं होतं. अक्षता मुठीत धरायच्या, कहाणी संपेपर्यंत मूठ सोडायची नाही, मधे उठायचं नाही, आणि संपल्यावर देवावर वाहायच्या. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी बाई कहाणीतून उठत नाही.

“ऐका बायांनो,” ती म्हणाली, “अन खंडेराया, तू बी कान दे. ही कहानी पोथीत न्हाई. एक गाव हुतं, त्या गावात एक देव हुता, अन त्या देवाला उजळायला नेला हुता...”

तिथंच गुरवीण खाली बघायला लागली.

द्वारकाबाईनं सगळं सांगितलं. हलक्या आवाजातच, पण एक गोष्ट सोडली तर काही गाळलं नाही. किल्ली, दीपमाळ, काठी, तांब्या. पळण्याजोगा तो उरला नव्हता, हे. कुणी धरलं आणि कुणी मारलं, हेही, नावानिशी. त्यातल्या दोघांच्या बायका तिथं बसल्या होत्या. ताट घेऊन कोण आलं, ते. लाल फडक्यातून काय निघालं, ते. एकीनं डोळ्याला पदर लावला, तेव्हा ती थांबून म्हणाली, रडायचं आसंल तर नंतर रडा, आता ऐका. बायकांनी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. उठायचं तर होतं बऱ्याच जणींना. पण मुठीत अक्षता होत्या.

रेश्मानं एकदाच तोंड उघडलं. “आक्का, चोरीच्या तक्रारीवर सही कुनाची हाय?”

“तुझी,” द्वारकाबाई म्हणाली. “सरपंच कोन हाय?”

रेश्माची नवी साडी मांडीवर चुरगळत गेली.

तोवर ओट्यावरून जाणाऱ्या कुणीतरी ऐकून बातमी पोचवली असावी. बिभीषण दारात येऊन उभा राहिला, मागे सहादू. बायकांच्या कहाणीत पुरुष आत येत नाही, म्हणून उंबऱ्यापाशी थांबला. हसून म्हणाला, वहिनी, आन विसरल्या काय?

“न्हाई भाऊजी,” ती म्हणाली. “इसरले असते तर उद्यापन कशाला केलं असतं. तुमी जे व्रत लावून दिलं ते पुरं झालं. आता देवाचं अन माझं काय ते आमी बघू. तुमी मधले कोन?”

तो रेश्माला म्हणाला, चल घरी. रेश्मानं मान वर केली नाही आणि जागची हललीही नाही. तेव्हा त्याचं हसू गेलं. भावकी तुटेल, सहादूच्या शेतावरचा रस्ता माझ्या बांधावरून जातो हे लक्षात ठेवा, असं सहादूकडे तोंड करून पण तिला ऐकू जाईल असं बोलून तो निघाला.

द्वारकाबाईनं परत बायकांकडे तोंड केलं. “हितं मी थांबते,” ती म्हणाली. “पन कहानी संपली न्हाई. ती उद्या तालुक्याला, कोर्टातल्या न्यायाधीश बाईपुढं पुरी व्हनार. तवर अक्षदा वाहायच्या न्हाईत. यायचं त्यांनी या. न्हाई येता येनार त्यांनी पदराला बांधून ठिवा. पन जाताना माझ्या ओट्यावर टाकून जाऊ नका, येवढंच सांगते.”

कुणी टाकल्या नाहीत. वाण घ्यायचंही कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

सहादू संध्याकाळी ओसरीवर येऊन बसला. त्याचं म्हणणं होतं की आसारामच्या कागदावर सही केली ती वाचलीसुद्धा नव्हती, बिभीषण म्हणाला म्हणून केली. आता द्वारकाबाई साक्ष द्यायला गेली तर आपला नवरा खोटा, असं तीच कोर्टात सांगणार का. तिनं भाकरी थापता थापता उत्तर दिलं, विचारलं तर सांगंन. तुमाला वाटत आसंल तर माझ्या आधी जाऊन तुमीच सांगा. तो गेला नाही. पण सकाळी तिनं पायात चपला घातल्या तेव्हा त्यानं दाराची कडीही घातली नाही.

सकाळच्या एसटीला द्वारकाबाई, बनुबाई, गुरवीण आणि माळावरच्या दोन बायका होत्या. माजघर भरलं होतं, त्यातल्या एवढ्याच. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं, पण कंडक्टर सवयीनं नगर नगर ओरडत होता. गुरविणीला नवरा म्हणाला होता, गेलीस तर देवळाचं काम जाईल. ती म्हणाली, जाऊ दे, ते काम करून आपण काय उजळलो ते बघितलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात फौजदार उभा होता, गणवेशात, कडक इस्त्रीचा. बायकांना बघून त्यानं हात जोडले आणि विचारलं, काय मावशी, देवदर्शनाला आलात का इकडं. द्वारकाबाई घाबरली नाही. ह्या माणसाला झोप लागत होती. ह्याचे कपडे कुणीतरी इस्त्री करून देत होतं. नऊ महिने हा रोज भांग पाडून ठाण्यात येत होता, आणि अर्ज लिहिणारा म्हातारा जेलात पडला होता. ती त्याच्यासमोर थांबली आणि त्याचा चेहरा नीट बघून घेतला, बाजारात आपलं चोरीला गेलेलं भांडं कुणाच्या हातात दिसावं तसा. मग आत गेली.

दीपा दारापाशी होती. तिनं फक्त बाजूला होऊन वाट दिली.

चौकशीची खोली लहान होती. न्यायदंडाधिकारी बाई चाळिशीच्या, चष्म्याच्या, दमलेल्या. शेजारी टायपिस्ट. फायली आवरायलाच घेतल्यासारख्या टेबलावर रचलेल्या. कारकुनानं द्वारकाबाईला नाव-गाव विचारलं आणि म्हणाला, म्हणा, ईश्वरसाक्ष खरं सांगेन.

द्वारकाबाईनं नाही म्हणून मान हलवली. कारकुनानं परत सांगितलं.

“देवाला साक्षीला नको,” ती म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. कपाळभर कुंकू, गळ्यात माळ, श्रावणी सोमवार. तुमचा देवावर विश्वास नाही का, असं त्यांनी हळूच विचारलं.

“लई हाय,” द्वारकाबाई म्हणाली. “म्हनूनच. त्याच्या नावावर आमच्या गावानं आदीच एक खोटं चढवलंय. आता त्याला कशाला मधे घ्यायचं. मी पाहिलं, मी सांगते. खोटं निघालं तर मला धरा, त्याला नको.”

तसंही कायद्यात चालतं, असं बाईंनी कारकुनाला सांगितलं, देवाशिवाय नुसती प्रतिज्ञा देता येते. तिनं ती घेतली. मग बाईंनी रचलेल्या फायलीतली एक काढून पुढं ओढली.

द्वारकाबाई सांगायला लागली. काल सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमानं. आसारामचं आलं तेव्हा म्हणाली, तो तीनदा आला, पाणी प्याला आणि न पाहिलेलं सांगू नका म्हणून गेला. पैशाचं नाव त्यानं काढलं नाही, ना धमकीचं. ज्यांनी कागदावर सह्या केल्या त्यात माझा मालकही आहे, आणि त्यांनी ती न वाचता केली, हे त्यांच्याच तोंडून ऐकलं. हे बोलताना ती थांबली नाही. मारणारा ओळखाल का, असं बाईंनी विचारलं. तिनं सांगितलं, ओळखायला लांब जायला नको, दाराबाहेर उभा आहे. बाहेर बुटांची हालचाल झाली.

मग ती दीपमाळेपाशी आली, आणि तिथं अडखळली. एक गोष्ट तिनं काल माजघरातही सांगितली नव्हती. खिडकीतून तिला ती ऐकू आली होती. बनुबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. द्वारकाबाईनं तिच्याकडे बघितलं आणि बाईंना म्हणाली, म्हाताऱ्या माउलीला जरा भायेर बसवता का.

“मी कुठं जात न्हाई,” बनुबाई म्हणाली. “नऊ महिने भायेरच हाय मी.”

द्वारकाबाईनं पदर खांद्यावर सारखा केला. जन्मभर जो आवाज तिनं शेळीच्याही कानावर जोरात घातला नव्हता, तो तिनं आता पोटातून काढला. टेबलापर्यंत नाही, दारापर्यंत. दाराच्या पलीकडं जो उभा होता त्याच्यापर्यंत.

“तो म्हनत हुता, आये, म्या न्हाई घेतला. पानी मागायचं त्यानं सोडलं हुतं तवा. येवढंच म्हनत हुता. आये, म्या न्हाई घेतला. अन भायेर उभा हाय तो म्हनला, अजून जीव हाय ह्याच्यात. अन परत काठी घेतली.”

बनुबाईनं तोंडावर हात घेतला नाही. ती ऐकत राहिली. टायपिस्टची बोटं मशीनवर थांबली होती. त्यानं दाराकडे बघितलं, मग बाईंकडे.

“लिहा,” बाई म्हणाल्या. “त्या म्हणाल्या तसंच लिहा. शब्द बदलू नका.”